सतरा लुगडी, तरी भागूबाई उघडी

लिनक्सच्या जगात ‘आता सगळं सोपं करतो’ असं कुणी म्हणालं, की मी आधी डिस्कवर किती जागा उरलीय ते बघतो. ठेचा खाऊन शिकलोय. माझ्या लॅपटॉपवर फोटो सुधारायचं एकच सॉफ्टवेअर तीनदा बसलंय. एक डिस्ट्रोच्या (म्हणजे मी वापरतो त्या लिनक्सच्या वाणाच्या) रेपॉजिटरीतून आलेलं, दोन ‘सार्वत्रिक’ पॅकेजांतून. मेनूत तिघांचं चिन्ह सारखंच. पहिल्यात मराठी टाइप होतं, दुसऱ्यात कीबोर्ड मुका होतो, तिसऱ्याला पेन ड्राइव्हच दिसत नाही. याला म्हणे सोय!

दुखणं जुनं आहे. डेबियनवाले ‘ॲप्ट’ वापरतात, फेडोरावाले ‘डीएनएफ’, आर्चवाले ‘पॅकमन’, ओपनसुसेवाले ‘झिपर’. चालायचंच, बारा कोसांवर भाषा बदलते. पण वस्तूचं नावही बदलावं? अपाची हा वेब सर्व्हर डेबियनमध्ये ‘अपाची२’ नावाने मिळतो, फेडोरात ‘एचटीटीपीडी’ नावाने. लायब्ररीच्या हेडर फायलींच्या पॅकेजला एकीकडे ‘डेव्ह’ असं शेपूट, दुसरीकडे ‘डेव्हेल’. या दोन जादा अक्षरांत कोणतं तत्त्वज्ञान दडलंय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एकीचे प्रयत्न झालेच नाहीत, असं नाही. २००१ मध्ये लिनक्स स्टँडर्ड बेसची पहिली आवृत्ती आली. तिने पॅकेजचा प्रमाण साचा म्हणून आरपीएम निवडला, म्हणजे रेड हॅटच्या घरचा. डेबियनचा स्वतःचा साचा तोवर चांगला रुळलेला. त्यांनी ‘एलियन’ नावाचा दुभाषा मध्ये उभा करून वेळ मारून नेली आणि २०१५ मध्ये त्या मानकाला जवळजवळ रामराम ठोकला. दरम्यान २००७ मध्ये पॅकेजकिट आलं. त्याने सगळ्यांपुढे एकच खिडकी लावली. खिडकीमागचे कारकून मात्र तेच, आणि त्यांची रजिस्टरंही तीच.

२०१४ मध्ये डेबियनच्या ‘डेबकॉन्फ’ परिषदेत खुद्द लिनस टोरवाल्ड्सने या कारभाराची सालटी काढली. ‘सबसरफेस’ हे डायव्हिंगच्या नोंदींचं सॉफ्टवेअर त्यानेच सुरू केलेलं. त्याच्या तयार प्रती विंडोज आणि मॅकसाठी निघत, लिनक्ससाठी जवळजवळ नाहीच. ज्याने लिनक्सचा कर्नल लिहिला, त्याच्याच सॉफ्टवेअरला लिनक्सवर घर मिळेना!

या दुखण्यावर उतारा म्हणून एक सोडून तीन ‘सार्वत्रिक’ साचे बाजारात उभे राहिले: स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज. ‘एकदा बांधा, कुठेही चालवा’ ही तिघांचीही आरोळी. स्नॅपच्या दुकानाचा सर्व्हर उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीच्या ताब्यात, आणि त्याचा कोड बंद. उबुंटूवर क्रोमियम ‘ॲप्ट’ने मागितलं, तरी पदरात स्नॅप पडू लागलं. चिडून लिनक्स मिंटने २०२० मध्ये स्नॅपला दारातच अडवलं. २०२३ मध्ये उबुंटूच्या भावंड डिस्ट्रोंनी ठरवलं, की आता आम्ही फ्लॅटपॅक आपणहून देणार नाही. ही कसली तांत्रिक चर्चा? ही बांधावरची भाऊबंदकी आहे. वापरणाऱ्यापर्यंतचा रस्ता कुणाच्या शेतातून जाणार, एवढाच वाद.

यावर काही उत्साही म्हणतात, डिस्ट्रोच मोडीत काढा. मला तेही मान्य नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली आवळणाऱ्या साधनात मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं. ते फेडोराच्या ‘रॉहाइड’ या विकास शाखेत आणि डेबियनच्या चाचणी शाखेत शिरलं होतं, पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोचलं नव्हतं. ज्या सुस्तीला आपण हसतो, तिनेच ते उंबऱ्याबाहेर अडवलं. शिवाय सामायिक लायब्ररीला भोक पडलं, तर डिस्ट्रोचा सांभाळकर्ता एका जागी ठिगळ लावतो आणि सगळ्यांचं भागतं. प्रत्येक ॲप आपली लायब्ररी गाठोड्यात बांधून फिरू लागलं, तर ठिगळ कुठे कुठे लावायचं? गाठोडं बांधणारा कंटाळून निघून गेला, तर कुणी?

म्हणून माझं मागणं अगदी रुक्ष आहे. नवं साधन नको, सामायिक नावं द्या. पडद्यावरच्या ॲपना ‘ॲपस्ट्रीम’ने सर्वत्र चालणारं ओळखपत्र दिलंच आहे, मग लायब्रऱ्यांनी काय घोडं मारलंय? दुसरं, पायाच्या लायब्रऱ्यांचा एक संच ठरवा आणि काही वर्षं त्याला हात लावू नका. ‘ग्लिबसी’ या पायाच्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर बांधलेलं सॉफ्टवेअर जुनीवर अडतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. या कामात कीर्ती नाही, परिषदेत टाळ्या नाहीत, कपाटभर स्टिकर नाहीत. म्हणूनच ते कुणी करत नाही.

सोपं करणं म्हणजे काहीतरी कमी करणं. आमच्याकडे मात्र प्रत्येक सुधारक भर घालूनच जातो. तेव्हा पुढचा ‘सार्वत्रिक’ पॅकेज घेऊन दारात आला, की मी त्याची वैशिष्ट्यं ऐकणार नाही. एवढंच विचारीन, “तू आलास, ठीक. निवृत्त कोण होतंय?” नाव सांगितलं तर आत घेईन. नाहीतर डिस्कवर जागा नाही.