होमरकडे जाणारी वाट रेवदंड्यावरून

पाश्चात्त्य अभिजात साहित्याचा इतिहास शाळेत शिकवायचा म्हटलं की सुरुवात होमरपासून होते. मग व्हर्जिल, दान्ते, शेक्सपिअर अशी नावांची आणि शतकांची माळ. आठवी-नववीतली मुलं ती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण त्यातल्या एकाही नावाशी त्यांचं नातं जडलेलं नसतं. रायगडच्या किनाऱ्यावर तरी हा क्रम उलटा करायला हवा. इथल्या मुलांनी रेवदंड्याहून निघावं आणि मागे मागे जात होमरपर्यंत पोहोचावं.

ही वाट ओढूनताणून काढलेली नाही. १५०८ च्या मार्चमध्ये रेवदंड्याला लागूनच असलेल्या चौलच्या बंदरात पोर्तुगीजांची गाठ इजिप्तच्या ममलुक सुलतानाच्या आणि दीवच्या मलिक अयाझच्या आरमाराशी पडली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द अल्मैदा त्या लढाईत मारला गेला. पुढे १५५३ मध्ये गोव्यात उतरलेल्या लुईस द कामोइश या कवीने आपल्या ‘लुझियाद’ महाकाव्यात त्याच्या मरणाला जागा दिली. १५७२ मध्ये लिस्बनला छापलेलं हे काव्य युरोपच्या मोठ्या महाकाव्यांत गणलं जातं, आणि त्यात आपली खाडी आहे. कामोइशने काव्याची घडण घेतली व्हर्जिलच्या ‘इनीड’वरून आणि व्हर्जिलने होमरवरून. म्हणजे रेवदंड्याच्या किल्ल्याच्या ज्या तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या उभ्या आहेत, तिथून तीन पावलांत ट्रॉय गाठता येतं. खाडीपलीकडच्या कोर्लईत तर पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. या गावच्या मुलांना युरोप परका आहे असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

आधी ज्ञानेश्वर-तुकाराम तरी नीट वाचू द्या, असं कुणी म्हणेल. ती काळजी खरी आहे, पण या दोन वाचनांत वैर नाही. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, आगरकरांनी ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ केलं, विंदांनी ‘राजा लिअर’ आणि ‘फाउस्ट’ मराठीत आणले. मराठीच्या जाणत्या लेखकांनी बाहेरचं घेताना आपलं टाकलं नाही. शिवाय हे सगळं मराठीतूनच सांगता येतं. त्यासाठी इंग्रजी माध्यमाची अट घालणं म्हणजे बहुसंख्य मुलांना दाराबाहेर ठेवणं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ‘लुझियाद’ हे जेत्यांचं गुणगान आहे. १७४० पर्यंत रेवदंडा ज्यांच्या ताब्यात होता, त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी आपण आपल्या मुलांना का ऐकवायच्या? गुणगान आहे हे मान्यच करायला हवं, वर्गात लपवून ठेवता कामा नये. पण त्याच काव्याच्या चौथ्या सर्गात, वास्को द गामाची जहाजं निघताना, लिस्बनजवळच्या रेस्तेलोच्या किनाऱ्यावर एक म्हातारा उभा राहतो आणि कीर्तीच्या आणि सत्तेच्या हावेला उघड शाप देतो. साम्राज्याचं स्तोत्र रचणाऱ्या कवीलाही हा आवाज दाबता आला नाही. अभिजात साहित्य म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा या एका प्रसंगातून मुलांना लवकर कळेल. तेवढ्यावर थांबायचंही कारण नाही. लोरेन्सोचं मरण वाचून झालं की वर्ग रेवदंड्याच्या तटावर न्यावा, आणि तीच लढाई त्या दिवशी बंदरात होडी लावून बसलेल्या चौलच्या कोळ्याच्या तोंडून लिहायला सांगावी.