काही होत नाही त्याले!

मराठीतलं सर्वांत महागडं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ताबडतोब सांगेन, ‘काही होत नाही त्याले!’ बोलणाऱ्याला याचा पैसा पडत नाही, ऐकणाऱ्याला पडतो. बँकेत बावीस वर्षं कारकुनी केली. हे वाक्य म्हणत जामीनदार म्हणून सही ठोकणारे मी पाहिले, आणि पुढे त्यांच्याच पगारातून हप्ते कापण्याची पत्रंही मीच तयार केली. तरीसुद्धा सुताराच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मी मान डोलावली. बी. कॉम. झालेला माणूस दुसरं काय करणार?

उमरखेडला आमचं आजोबांच्या वेळचं कडीपाटाचं घर आहे. भिंतीवर टेकलेल्या आडव्या कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या. खालच्यांचं छत तीच वरच्यांची जमीन. आजोबा काटकसरी. माडीवरच्या एका खोलीखाली त्यांनी कड्या वाचवल्या आणि दोन कड्यांत अडीच-अडीच फूट अंतर ठेवलं. पण म्हातारा हिशेबाचा पक्का. कड्यांत वाचवलेलं त्याने फळ्यांत घातलं: दीड इंच जाडीचा साग. त्यावर तीन पिढ्या नाचल्या, ज्वारीची पोती रचली गेली, पण फळीने कधी कुरकुर केली नाही.

पुढे छपराचं पाणी मुरून फळ्या कुजल्या. मिस्त्री आला. म्हणाला, “साहेब, आता साग कोन लावते? बारा एमएमचं प्लाय टाकू. काही होत नाही त्याले.” दुकानदाराने रंग विचारला. सौभाग्यवतींनी पुसायला सोपं पडेल का ते विचारलं. मी भाव विचारला. दोन कड्यांत अंतर किती, हे मात्र एकानेही विचारलं नाही!

प्लाय बसलं. दिसायला झकास. पण पाऊल टाकलं की पैनगंगेतल्या नावेत चढल्यासारखं व्हायचं. “दबते थोडं. बसून जाईन,” मिस्त्री म्हणाला. बसून गेली ती आमची आई, खालच्या खोलीत. रोज दुपारी माडीच्या खिडकीशी बसून धान्य निवडणारी आई वर येईनाशी झाली. “गुडघे दुखतात रे बाबू,” म्हणायची. सहा महिने मी गुडघ्याचं तेल आणत राहिलो.

एक दिवस बँकेतून लवकर आलो तर आई माडीवर. जिना ती धडधाकट चढली होती. पण खोलीत भिंत धरून, प्लायवर दिसणाऱ्या खिळ्यांच्या रांगेवरून, दोरीवरच्या डोंबारणीसारखी चालत होती. मला पाहून ओशाळली. म्हणाली, “इथं खाली काही तरी आहे रे. बाकी सगळं हवेत आहे.”

शिकलेल्या माणसाला जे कळलं नाही ते तिच्या तळपायाला कळलं होतं. कडी म्हणजे जामीनदार. दोन जामीनदार जितके दूर, तितकी मधली फळी एकटी. मग मी हिशेब मांडला. अंतर दुप्पट झालं की त्याच वजनाला तीच फळी आठपट वाकते. जाडी तिप्पट केली की वाकणं सत्ताविसाव्या हिश्शावर येतं. असलं चक्रवाढ आमची बँकसुद्धा देत नाही! आणि वर, प्लायच्या पृष्ठावरचे रेषे कड्यांना आडवे जायला हवेत, ते आमच्या मिस्त्रीने कड्यांच्याच दिशेने घातले होते.

आमचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या घरामागे लाकडी ओटा आहे. तिथे कड्या साधारण सोळा इंचांवर असतात आणि त्यांवर एक इंची फळी चालते. कड्या चोवीस इंचांवर गेल्या की दीड इंची लागते, आणि भुसा-प्लॅस्टिकच्या फळ्यांना तर सहसा सोळाच इंच. म्हणजे त्यांची चोविसाची चिंता, आमचं तिसाचं धाडस!

“पण साग परवडतो का?” हा प्रश्न मला सगळे विचारतात. सागाच्या जिल्ह्यात राहूनही विचारतात, आणि रास्त विचारतात. माझं म्हणणं सागाचं नाहीच. दुसरं मजबूत लाकूड घ्या, पण जाड घ्या, वाळलेलं घ्या, मधोमध गाठ नसलेलं घ्या. ते जमत नसेल तर मध्ये आणखी कडी टाका, मग पातळ फळी खुशाल लावा. पण आधी टेप काढा, मग पाकीट. दुकानात रंग पाहून फळी निवडणं म्हणजे सही सुरेख आहे म्हणून कर्ज मंजूर करणं.

मध्ये कड्या टाकायच्या तर भिंती फोडाव्या लागल्या असत्या, म्हणून यंदा दीड इंची फळ्याच घातल्या. एकेक फळी चार कड्यांवर जाईल एवढी लांब, सांधा नेमका कडीवर, आणि एकीची जीभ दुसरीच्या खाचेत, म्हणजे भार शेजारणीनेही उचलावा. दोन महिन्यांचा पगार गेला. आई मात्र वर आली आणि बरोब्बर दोन कड्यांच्या मधोमध सूप घेऊन बसली. तेलाची बाटली तशीच पडून आहे.

मिस्त्रीने फळ्यांवर पाय आपटून पाहिला. म्हणाला, “साहेब, पहिलेच हे टाकाले पाह्यजे होतं.”

“मग तेव्हा का नाही सांगितलं?”

“तुमी फक्त भाव इचारला, साहेब.”