बरकत वजीफ्यात शोधतो आणि रानात विसरतो



रमजान जवळ आला की फोनवर मेसेज सुरू होतात. अमुक वजीफा एवढ्या वेळा पढा, रोजीत बरकत होईल. पढायला माझी ना नाही, दुआ मीही मागतो. पण बारामती-इंदापूरकडच्या आपल्या शेतकरी मुसलमान बांधवांना एक विचारायचंय. घरातल्या सोन्याची, बँकेतल्या पैशाची जकात आपण अडीच टक्क्यांनी हिशोब करून काढतो. मग रानातल्या मालाची का काढत नाही?

त्याला उश्र म्हणतात. उश्र म्हणजे दहावा भाग. नुसत्या पावसावर आलेल्या पिकाचा 10 वा हिस्सा गरिबाचा. पाणी उपसून किंवा विकत घेऊन आणलेल्या पिकाचा 20 वा. आणि पैशाच्या जकातीसारखं वर्ष सरायची वाट बघायची नाही. कुरआनात सूरह अनआममध्ये हा हक्क कापणीच्या दिवशीच द्यायला सांगितलाय.

आता हे आपल्या रानात बसवून बघा. सुपे-मोरगावकडं जिरायतात 2 एकरांत 10 क्विंटल ज्वारी झाली, तर 1 क्विंटल उश्र. उजनीच्या फुगवट्यातून मोटारीनं पाणी उचललंय, नाहीतर कालव्याची पाणीपट्टी भरलीय, आणि एकरी 40 टन ऊस गेला, तर 2 टन. दर 3000 रुपये धरला तर एकरी 6000 रुपये. पीक थोडं पावसावर, थोडं मोटारीवर आलं असंल तर जास्त भिस्त कशावर होती ते बघायचं.

बारकावे आहेत. इमाम अबू हनीफांच्या मते माल थोडा असो की जास्त, उश्र आहेच, आणि ऊस, डाळिंब, भाजीपाला सगळ्यावर आहे. बाकीचे इमाम साधारण साडेसहाशे किलोच्या खाली माफी देतात, आणि त्यांचा भर साठवून टिकणाऱ्या मालावर आहे. आपल्या भागात बहुतेक जण हनफीच. हिंदुस्थानातल्या जमिनीला उश्र लागतो का, यावरही उलेमांमध्ये दोन मतं आहेत. आपापल्या इमामसाहेबांना विचारा. पण विचारा तरी! आपण विषयच काढत नाही, माझं म्हणणं तेवढंच आहे.

"खतं, औषधं, मजुरी एवढी महाग, त्यात हे कुठून द्यायचं?" हा सवाल खोटा नाही. पण एक बघा. पाण्याला खर्च येतो म्हणून हिस्सा आधीच निम्मा केलाय. आणि तेल्यानं डाळिंबाची बाग गेली, गारपिटीनं द्राक्षं झोपली, तर गेलेल्या मालावर उश्र नाही. बँकेचा हप्ता पीक बघत नाही, सावकार तर नाहीच नाही. उश्र पीक बघतो. आलं तर द्या, गेलं तर माफ. शेतकऱ्याची जोखीम इतकी ओळखणारं दुसरं देणं मला तरी माहीत नाही.

शेतीतज्ज्ञ मंडळींनाही यात एक गोष्ट पटंल. उश्र काढायचा तर माल मोजावा लागतो. कोणत्या तुकड्यात किती निघालं, पाणी कुठलं दिलं, सगळं वहीत येतं. कृषी विज्ञान केंद्रवाले कधीपासून सांगतात, प्लॉटवार नोंद ठेवा. जुनी माणसं रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, कुठं कुठं 'बरकत' म्हणत. म्हणजे बरकतीची सुरुवात मोजण्यापासूनच होती. न मोजता अंदाजानं चालणाऱ्या शेतात बरकत आली काय आणि गेली काय, कळणार कसं?

त्याच आयतीत उधळपट्टी करू नका असंही आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानासुद्धा पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची शिकवण. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात पाटानं वारेमाप पाणी पाजून किती जमिनी क्षारपड झाल्या, ते सांगायला नको. ज्या रानावर पांढरा थर आला, तिथं कोणता वजीफा पढणार? ठिबक अंथरणं हाही बरकतीचाच रस्ता. मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी देणं हाही. इकडं उश्र काढला आणि तिकडं ऊसतोडीवाल्याचे पैसे थकवले, तर हिशोब जुळत नाही.

सूरह कलममध्ये बागवाल्यांची गोष्ट आहे. गरीब दारात यायच्या आत भल्या पहाटे फळं उतरवू, असं त्यांनी ठरवलं. जाऊन बघतात तर बाग रातोरात उजाड झालेली. यावरून कुणी असं समजू नये की उश्र दिला की टनेज वाढतं. देवाशी तसला सौदा होत नाही. मी बरकत एवढीच समजतो की आलेलं पुरतं, घरात तंटा होत नाही, आणि गावातली एखादी विधवा बाई आपलं पीक आल्यावर खूश होते, कारण त्यात तिचाही वाटा असतो.

हा हिस्सा जकातीसारखाच गरीब, गरजू, कर्जात बुडालेल्या माणसाच्या हातात द्यायचा. मशिदीच्या बांधकामाला तो चालत नाही, त्याला वेगळी वर्गणी काढा. आणि ज्यांच्या धर्मात उश्र नाही त्या भावांनीही खळ्यावरचं बलुतं आठवावं. सुतार, लोहार, चांभार यांचं माप आधी निघायचं, मग रास घरी जायची. दोन्हीकडं रीत एकच होती, आलेल्या धान्यात दुसऱ्याचा वाटा आहे.

यंदा कारखान्याच्या वजनाच्या पावत्या हातात आल्या की आधी एकूण टनाला 20 नं भागा. तो आकडा वहीत पहिल्या ओळीवर लिहा. बाकीचा खर्च त्याच्या खाली.