नव्या चालकाची पहिली मोटार

जोयडा तालुक्यातील एका कुटुंबप्रमुखांनी आम्हांस प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मुलाने गोव्यात नोकरीस असताना मोटार चालविण्याचा परवाना मिळविला. आता घरी गाडी घ्यावयाची आहे. सात जण बसतील अशी मोठी, जुनी गाडी स्वस्तात मिळते. ती घेतल्यास आजीसह सारे कुटुंब एकाच खेपेत चर्चला जाईल, असा घरातील विचार आहे. आमचे मत काय?

आमचे मत स्पष्ट आहे : ही गाडी घेऊ नये. ज्याच्या हाताला अद्याप गाडीचे वजन कळलेले नाही, त्याच्या हाती एकदम सात जीव सोपविणे आम्हांस पसंत नाही. मोठी गाडी माणसांनी भरली की तिची चालच बदलते. थांबावयास अधिक अंतर लागते, वळणावर ती बाहेरच्या अंगास झुकते, आणि मागे चाललेल्या गप्पांनी चालकाचे लक्ष विचलित होते ते निराळेच. चर्चला दोन खेपा झाल्या तर अर्धा तास आधी निघावे लागेल, एवढेच.

शिवाय मडगावच्या सपाट रस्त्यावर शिकलेल्यास अणशीचा घाट म्हणजे दुसरी शाळाच होय. कद्र्याहून वर चढताना अर्ध्या चढावर थांबावे लागले, तर हँडब्रेक आणि क्लच यांचा मेळ बसवून गाडी मागे न सरकता पुढे काढावी लागते. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होऊ लागतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम नवशिक्याने पहिल्या दिवसापासून पाळावा. पावसाळ्यातील धुके तर आपणांस ठाऊकच आहे. रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यातून जातो. अंधार पडल्यावर वाटेत उभा असलेला गवा दिव्याच्या उजेडातही फार उशिरा दिसतो.

तेव्हा पहिली गाडी लहान असावी. चार मीटरांहून कमी लांबीची, पेट्रोलवर चालणारी, हलक्या क्लचची आणि चारही बाजूंस नीट दिसेल अशी. पोटाखालची उंची मात्र अवश्य पाहावी. स्विफ्टसारख्या लोकप्रिय गाडीत ती १६३ मिलिमीटर आहे, क्विडमध्ये १८४. हा दोन बोटांचा फरक मुख्य रस्त्यावर जाणवत नाही. घराकडे वळणाऱ्या कच्च्या वाटेवर तो जाणवतो.

परंतु उंचीहून महत्त्वाचे गाडीचे वय. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्या आदळून पाहिल्या; एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांस, त्यांत अल्टो ८०० आणि नॅनोही होत्या, मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. पुढे कायदा बदलला. ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला तरी चाके जागीच अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि चालकापुढील एअरबॅग २०१९ मध्ये नव्या गाड्यांत सक्तीची झाली. २०२२ पासून शेजारी बसणाऱ्यापुढेही एअरबॅग आली. म्हणून जुनी गाडी घ्यावयाची तर २०१९ च्या जुलैनंतर बनलेली पाहावी. तिच्यासाठी आणखी वर्षभर पैसे साठवावे लागले तरी हरकत नाही.

टायरही वाचावयास शिकावे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असेल तर तो टायर कायद्यानेही बाद ठरतो. आमच्याकडच्या पावसात त्याच्या पुष्कळ आधीच बदललेला बरा.

गोव्यातील गाडी स्वस्त वाटते, हे खरे. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा तळ गंजलेला असू शकतो. स्टेपनी काढून, पायांखालचे मॅट उचलून, विश्वासू मेस्त्रीकडून तो तपासून घ्यावा. गाडी कायमची इकडे आणावयाची तर तेथील परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला, येथील नोंदणी आणि कर्नाटकाचा रोड टॅक्स, हे सारे आलेच. हा खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावे. आधीच्या मालकाने कर्ज काढले असेल, तर ते फिटल्याची नोंद आर. सी. बुकात झालेली आहे काय, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहावे. मालकी बदलताच १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. हे काम विसरणारी घरे थोडी नाहीत.

गाडीसाठी जमविलेली सारी रक्कम गाडीतच घालू नये. नव्या टायरांपुरती आणि थोड्या पेट्रोलपुरती रक्कम बाजूस ठेवावी. हे पेट्रोल शिकण्यासाठी. गावातील एखाद्या अनुभवी चालकास शेजारी बसवून मुलाने प्रथम जोयडा ते गणेशगुडी, मग कुंभारवाडा, आणि हात बसल्यावर अणशीचा घाट, असा क्रम धरावा. घरात वयात आलेली मुलगी असेल तर तिनेही शिकाऊ परवाना काढून याच वेळी शिकावे. रात्री दवाखान्यात जाण्याची पाळी आली, तर घरात एकच चालक असणे पुरेसे नाही. घाटाच्या या फेऱ्या उन्हाळ्यात, दिवसाउजेडी आणि इतर माणसांवाचून कराव्यात. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली, तर उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यावयाची असते. पहिल्या पावसाळ्यात मात्र अंधार पडल्यावर त्याने घाटात गाडी घालू नये, मग कारवारचे काम कितीही निकडीचे असो.