गाडी दिव्यापर्यंत, एसटी स्टँडपर्यंत. मधल्या वाटेचं काय?

रत्नागिरी : गणपती असो, शिमगा असो की मुंबईच्या इस्पितळात दाखवायची तारीख असो, जिल्ह्यातल्या माणसाचा मुंबईचा प्रवास वाडीतून सुरू होतो आणि परळ, डोंबिवली नाहीतर नालासोपाऱ्याच्या खोलीत संपतो. रेल्वेचा हिशेब मात्र स्टेशन ते स्टेशन असतो आणि एसटीचा स्टँड ते स्टँड. या दोन हिशेबांच्या मधे जे अंतर उरतं, ते माणसाने डोक्यावर बोजा घेऊन, रिक्षाला पैसे मोजून किंवा रात्रभर फलाटावर बसून कापायचं.

रत्नागिरी पॅसेंजर दादरला न्यावी ही मागणी कोरोनाकाळापासून गाजते आहे. मागणी रास्तच आहे. पण गाडी दादरला गेली तरी निम्माच प्रश्न सुटतो. दुसरा निम्मा आपल्याच जिल्ह्यात, स्टेशनच्या बाहेर उभा आहे.

दिव्यात नेमकं काय होतं

कोरोनाच्या आधी ही पॅसेंजर दादर ते रत्नागिरी धावायची. टाळेबंदीनंतर ती पुन्हा सुरू झाली, पण दिव्यापुरती. सावंतवाडी पॅसेंजर तर आधीपासूनच दिव्याची. दिवा ते दादर हे अंतर सुमारे ३३ किलोमीटर. तीनशेच्या आसपास किलोमीटर येणाऱ्या गाडीच्या मानाने ते काहीच नाही. पण प्रवासातला सगळ्यात अवघड तुकडा तोच.

सात-आठ तास जनरल डब्यात बसून आलेला माणूस दिव्यात उतरतो. हातात तांदळाची पिशवी, फणस-आंब्याची पेटी, सोबत लहान मूल किंवा म्हातारी आई. पूल चढायचा, लोकलचा फलाट शोधायचा. येणारी लोकल कल्याण-डोंबिवलीकडूनच भरून आलेली. दिव्याला काही जलद लोकल डिसेंबर २०१६ पासून थांबू लागल्या, पण सामान घेऊन त्यात शिरणं म्हणजे जिवावरचा खेळ. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून माणसं दगावली, ती याच पट्ट्यात. रोजच्या सरावाच्या प्रवाशांची ही गत, तर गावाहून आलेल्याचं काय?

दादर बंद झाल्याची झळ पेशंटना जास्त बसते. केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळं परळ भागात, दादरपासून जवळ. थेट गाडी होती तेव्हा आजारी माणसाला एकदा चढवलं की दादरलाच उतरवायचं. आता मधे दिवा आला.

अर्थात दिवा सगळ्यांनाच गैरसोयीचं नाही, हेही मान्य करायला हवं. दिवा, डोंबिवली, कल्याण भागात कोकणातली हजारो कुटुंबं राहतात. दिव्याहून वसईकडे जाणारा फाटाही आहे, त्यामुळे नालासोपारा-विरारच्या माणसाला दादरला वळसा घालावा लागत नाही. पण त्या फाट्यावर गाड्या मोजक्या. पॅसेंजर पोचल्यावर वसईची गाडी लगेच मिळेल याची खात्री नाही. दिव्यात थांबा आहे, जोडणी नाही.

दादर कशामुळे अडलं?

गाडी दादरला का नेत नाहीत, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे मार्गावरची गर्दी आणि लोकलचा वक्तशीरपणा. या उत्तरात तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. लांबच्या गाड्या आणि लोकल वेगवेगळ्या रुळांवर धावाव्यात हाच त्यामागचा हेतू. ठाण्याच्या पुढे कुर्ल्यापर्यंत जादा मार्गिका आधीपासून आहेत. खरी कोंडी कुर्ल्याच्या पुढे आहे.

मधल्या काळात दादरहून गोरखपूर आणि बलियासाठी विशेष गाड्या सुटू लागल्या. त्यामुळे 'कोकणची जागा दुसऱ्याला दिली' ही भावना गावोगावी आहे. उत्तरेकडचा प्रवासीही आपल्यासारखाच पोटासाठी फिरणारा, त्याच्याशी भांडून काही साधणार नाही. पण दादरच्या फलाटावर दुसऱ्या गाडीला वेळ मिळू शकतो, तर कोकणच्या पॅसेंजरला का नाही, याचं उत्तर लेखी आणि आकड्यांसह मागण्याचा हक्क प्रवाशांना आहे.

तोवर पनवेलचा विचार करा

गाडी दादरला जाईपर्यंत एक सोय हाताशी आहे, जिच्याकडे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही. ती म्हणजे पनवेल. दिव्यात लोकल भरून येते. पनवेलहून हार्बरची लोकल सुटते, म्हणजे रिकामी मिळण्याची शक्यता जास्त. कुर्ला, वडाळा, सीएसएमटीला सरळ जाता येतं. अंधेरी-गोरेगावकडे जाणाऱ्या काही गाड्याही पनवेलहून सुटतात. ठाण्याला जायचं तर ट्रान्स हार्बरची लोकल आहे. दादरला जाणाऱ्याला कुर्ल्याला बदलावं लागेल, वेळही थोडा जास्त लागेल, पण सामानासह बसून जाता येईल.

तिकिटाचंही तसंच. जनरलचं तिकीट काढताना खिडकीवर शेवटच्या स्टेशनचं नाव सांगून थेट तिकीट मिळतं का ते विचारावं, म्हणजे उतरल्यावर पुन्हा रांग लावायला नको. रिझर्व्हेशनवाल्यांनी मात्र लक्षात ठेवावं: आरक्षण पनवेल किंवा ठाण्यापर्यंतचं असेल तर पुढच्या लोकलचं तिकीट वेगळं लागतं. रेल्वेने जुलै २०२५ मध्ये आणलेल्या रेलवन ॲपवर जनरल आणि रिझर्व्हेशन दोन्ही एकाच ठिकाणी काढता येतात.

आपल्या टोकाला काय चाललंय?

आता गावाकडचं टोक बघू. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल बांधून रूळ जिथून नेता आला तिथून नेला. त्यामुळे स्टेशनं गावाच्या मध्यावर आली नाहीत. रत्नागिरीचं स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला. राजापूर रोड नावाला राजापूरचं, शहरापासून लांब. लांजा तालुक्याची आडवली, विलवडे ही स्टेशनं लांजा बाजारपेठेपासून आडवळणाला. देवरुखच्या माणसाला संगमेश्वर रोड गाठावं लागतं.

दापोली, मंडणगड आणि गुहागर या तीन तालुक्यांत तर रूळच नाही. दापोली-मंडणगडला खेड आणि गुहागरला चिपळूण, हाच दरवाजा. या तीन तालुक्यांसाठी रेल्वे म्हणजे खेड-चिपळूणला गाठायची एसटी. ती चुकली तर गाडी असून नसल्यासारखी.

जिल्ह्यात एसटीचे नऊ आगार आहेत. रत्नागिरी शहराची बससेवाही एसटीच चालवते. म्हणजे जोडणी करायला दुसरी यंत्रणा उभारायची गरज नाही. तरीही एसटीचं वेळापत्रक शाळा, बाजार आणि स्टँड धरून बसतं. रेल्वेची वेळ त्यात क्वचितच दिसते. रत्नागिरी पॅसेंजर पहाटे सुटते आणि परतीची रात्री उशिरा पोचते. पहाटे वाडीतून निघायला बस नाही, रात्री उतरल्यावर घरी जायला बस नाही. मग रिक्षा किंवा खासगी गाडी. रेल्वेच्या तिकिटात जे वाचलं त्याच्या कितीतरी पट पैसे शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरला जातात.

महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली, ती अजून दिलेली नाही. म्हणजे स्टेशनवर एसटी नसली तर म्हातारा माणूस दोन्हीकडून मारला जातो: रेल्वेत सवलत नाही आणि जिथे सवलत आहे ती गाडी दारात नाही.

गेल्या काही वर्षांत सार्वजनिक बांधकाम विभागाने जिल्ह्यातल्या स्टेशनांचा बाहेरचा परिसर सुशोभित केला. रस्ते झाले, छपरं झाली. चांगलंच झालं. पण त्या छपराखाली बस उभी राहणार नसेल, तर छपराचा उपयोग फक्त पाऊस चुकवायला.

एसटीची अडचणही खरी आहे

आगाराची बाजूही ऐकली पाहिजे. कोकण रेल्वेच्या रोहा ते वीर या पट्ट्याचं दुपदरीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये झालं, बाकी मार्ग मुख्यतः एकेरी. समोरून एक्सप्रेस आली की पॅसेंजरला क्रॉसिंगला थांबवतात. गाडी लेट होते आणि स्टेशनवर उभी केलेली बस रिकामी परत जाते. चालक-वाहकाची ड्युटी संपते, डिझेल फुकट जातं. शिवाय पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं. रेल्वे वर्षातून दोनदा वेळ बदलते, एसटीची मात्र तीच राहते.

यातली निम्मी अडचण आज मोबाईलने सुटते. गाडी कुठे आहे, किती लेट आहे, हे गावातलं पोरगंही फोनवर बघून सांगतं. तेच आगारातल्या वाहतूक नियंत्रकाने बघितलं आणि बस वीस मिनिटं उशिरा सोडली, तर ती रिकामी का जाईल?

मालक एकच, मेळ कुठे?

रोह्यापासून खाली कोकण रेल्वे, रोह्याच्या वर मध्य रेल्वे. स्टेशनबाहेर सार्वजनिक बांधकाम विभाग, बस एसटीची. प्रत्येकाचं साहेबलोक वेगळं. गैरसोय झाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पण राज्य सरकारला हात झटकता येणार नाहीत. एसटी राज्याची. आणि कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के होता. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला राज्याने २०२५ मध्ये संमती दिली. ही बोलणी चालू असतानाच प्रवाशांच्या जोडणीची अट पुढे ठेवण्याची संधी आहे. एकदा विलीनीकरण झालं की राज्याचा शब्द आतापेक्षा हलका होईल.

हे जगात कुठे जमलंय का? स्वित्झर्लंड हा आपल्यासारखाच डोंगरदऱ्यांचा देश. तिथे १९८२ पासून रेल्वे ठरलेल्या ठेक्यावर धावते आणि खेड्यात जाणाऱ्या पिवळ्या बस गाडीच्या वेळेला बांधलेल्या असतात. गाडी आली की बस समोर उभी. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे हे खरं, पण दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून जुळवायला पैसा लागत नाही.

मग मागायचं काय?

दादरची मागणी सोडू नये. तिच्याबरोबर चार साध्या गोष्टी मागता येतील. एक, प्रत्येक आगाराने आपल्या हद्दीतल्या स्टेशनच्या पॅसेंजर आणि मुख्य गाड्यांना निदान एक-एक बस जोडावी. सुरुवात खेड-दापोली, चिपळूण-गुहागर आणि रत्नागिरी स्टेशन ते शहर या मार्गांवर व्हावी. दोन, रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होईल त्याच दिवशी या बसची वेळही बदलावी. तीन, एसटीचं वेळापत्रक स्टेशनवर आणि रेल्वेचं वेळापत्रक स्टँडवर ठळक लावावं. चार, दिव्यात पॅसेंजर पोचण्याच्या वेळेनंतर सीएसएमटी आणि वसईकडे जाणारी गाडी ठरवून द्यावी.

पहिल्या तीन गोष्टींना दिल्लीची परवानगी लागत नाही. आगार व्यवस्थापक आणि विभाग नियंत्रक यांच्या पातळीवर त्या होऊ शकतात. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा आणि त्यात नुसतं 'बस सुरू करा' असं न लिहिता कुठल्या गाडीला, किती वाजता, कुठल्या वाडीपर्यंत आणि साधारण किती माणसं, हे लिहून द्यायला हवं. आगाराला 'प्रवासी नाहीत' असं म्हणायची जागा मग उरत नाही.

गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा जादा गाड्यांची घोषणा होईल, आणि ती व्हायलाच हवी. पण रात्री उशिरा पॅसेंजरमधून उतरलेली बाई सामान आणि पोर घेऊन घरी कशी जाणार, हा प्रश्न वर्षाचे बाराही महिने आहे. दापोलीची बस खेड स्टेशनवरून किती वाजता सुटते, हे विचारायला उद्याच आगारात जाता येईल.