राष्ट्र लांबून दिसते तेव्हा

पावसच्या दिवाळी अंकाने संपादकीयात ग्रीसबद्दल लिहावे, हे काही वाचकांना अजब वाटेल. पूर्णगड आहे, गणेशगुळे आहे, गौतमीचा काठ आहे, स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. एवढे घरचे विषय सोडून हा भूमध्य समुद्र कुठून आला? कारण सांगतो. यंदाच्या अंकाचा विषय ‘गाव आणि राष्ट्र’ असा ठरवला, लेख येऊ लागले, आणि बहुतेक लेखांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसली: राष्ट्राची जाणीव मातीतून उगवते आणि गावाकडून शहराकडे जाते. आम्हाला हे पटत नाही. कोकणचा अनुभव उलटा आहे, आणि तो उलटा प्रवास जिथे सगळ्यांत ठळक दिसतो तो देश ग्रीस.

१८१४ साली काळ्या समुद्रावरच्या ओदेसा या रशियन बंदरात तीन ग्रीकांनी ‘फिलिकी एतेरिया’ नावाची गुप्त संघटना काढली. स्कुफास, त्साकालोफ आणि झान्थोस ही त्यांची नावे. तिघेही व्यापारी वर्तुळातले, त्यांतला एक पेढीवरचा कारकून. सरदार-दरकदार एकही नाही. शपथा, पायऱ्या-पायऱ्यांची दीक्षा, सांकेतिक नावे असा सगळा थाट. नाशिकच्या मित्रमेळ्याचा इतिहास वाचलेल्याला तो ओळखीचा वाटेल. ज्या भूमीच्या मुक्तीसाठी हे चालले होते ती ओदेसापासून शेकडो कोस लांब, तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होती.

त्याआधीचा रिगास फेरायोस घ्या. त्याने १७९७ मध्ये राज्यघटनेचा मसुदा छापला तो व्हिएन्नात. ऑस्ट्रियन पोलिसांनी त्याला पकडून तुर्कांच्या हवाली केले आणि पुढच्या वर्षी बेलग्रेडमध्ये त्याला ठार मारण्यात आले. ग्रीक प्रबोधनाचा सर्वांत मोठा विद्वान अदामांतिओस कोराईस जन्मला स्मर्ना बंदरात, काही वर्षे ॲम्स्टरडॅममध्ये व्यापारात रमला (खरे तर फसला), मोंपेलिएला वैद्यक शिकला आणि पॅरिसला स्थायिक झाला. फ्रेंच राज्यक्रांती त्याने डोळ्यांनी पाहिली. तिथेच बसून त्याने प्राचीन ग्रीक ग्रंथांच्या आवृत्त्या काढल्या, आपल्या लोकांनी कसे बोलावे, कसे लिहावे, काय वाचावे हे ठरवले. १८३३ मध्ये तो वारला. स्वतंत्र ग्रीसमध्ये त्याने पाऊलही ठेवले नाही.

याच पिढीतला एक अथेन्सकर थेट आपल्याकडे आला होता. दिमित्रिओस गालानोस कलकत्त्याच्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला म्हणून आला, मग काशीला गेला आणि तिथेच राहिला. संस्कृत शिकला, गीतेचे ग्रीक भाषांतर केले. कोराईस पॅरिसमध्ये वारला त्याच वर्षी हा काशीत वारला. हस्तलिखिते आणि पैसा त्याने अथेन्समधल्या विद्येसाठी ठेवला. आयुष्य गंगेकाठी आणि मृत्युपत्र मायदेशाच्या नावे. मुंबईत हयात घालवून गावच्या देवळाच्या सभामंडपाला वर्गणी पाठवणाऱ्यांच्या या प्रदेशात हा माणूस कुणाला परका वाटू नये.

आता आपल्याकडे या. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात गेले असले तरी तेव्हा मुलूख एकच. त्यांनी १८३२ च्या ६ जानेवारीला ‘दर्पण’ काढले ते मुंबईत. टिळक १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मले, पण दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याला गेले आणि लोकमान्य झाले ते तिथे. ‘केसरी’ रत्नागिरीला आला तो टपालाने. देश, स्वराज्य, बहिष्कार हे शब्द या किनाऱ्यावर पहिल्यांदा उतरले ते आगबोटीतून, सुट्टीला आलेल्या पोरांच्या ट्रंकेत आणि तोंडात. गावात तोवर काय होते? वाडी होती, भावकी होती, देवस्थानचे मानपान होते, खोताचे देणे होते. इंग्रज सरकारलाही या जिल्ह्याचा उपयोग कळला होता तो आडवळणाची जागा म्हणून. मंडालेचा थिबा राजा त्यांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवला आणि पुढे टिळकांना मंडालेत.

ग्रीस आणि महाराष्ट्र यांच्या वैचारिक इतिहासात एक जोडी आम्हाला फार मोलाची वाटते. फाल्मेरायर नावाच्या जर्मन पंडिताने १८३० मध्ये लिहिले की, आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन ग्रीकांचे रक्त उरलेलेच नाही, ते स्लाव्ह आणि अल्बेनियन लोकांचे वंशज आहेत. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला हा घाव झोंबला. पुढे पापारिगोपुलोस या इतिहासकाराने १८६० ते १८७४ या काळात पाच खंडांत उत्तर दिले: प्राचीन ग्रीस, बायझंटाइन साम्राज्य आणि आधुनिक ग्रीस हा एकच अखंड प्रवाह आहे. कोराईसच्या पिढीला बायझंटाइन काळ म्हणजे पाद्र्यांचा अंधार वाटत असे. पापारिगोपुलोसने त्याला घरात घेतले. आपल्याकडे ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. त्याच्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६७ च्या सुमारास टीका लिहिली, आणि त्या ठिणगीतून राजवाड्यांची ‘साधने’, रानड्यांचा ग्रंथ, सगळी मराठी इतिहासविद्या उभी राहिली. रानड्यांनी संतांना शिवाजी महाराजांच्या राज्याशी जोडले, तेही असेच एका तुटक इतिहासाला सलग करणे होते. परक्याने हिणवल्यावर आपण कागदपत्रे शोधायला लागतो. त्यात काही गैर नाही, दप्तरे वाचली हे बरेच झाले. मात्र प्रश्न परक्याने घातलेला असला की उत्तराचा आकारही त्याच्याच साच्यातला होतो, हे ग्रीकांना उशिरा कळले आणि आपल्याला अजून पुरते कळलेले नाही.

दुसरी जोडी कोराईस आणि आगरकरांची. १८२१ मध्ये उठाव झाला तेव्हा कोराईसने त्याला पाठिंबा दिला, पण त्याचे मत असे की हे काही दशके लवकर झाले. आधी शिक्षण व्हायला हवे होते, नाहीतर तुर्की जुलमाच्या जागी घरचा जुलूम येईल. आधी सामाजिक की आधी राजकीय हा वाद पुण्यात पेटण्यापूर्वी साठेक वर्षे हा पॅरिसमधला म्हातारा तो स्वतःशीच घालत होता. जोतीराव फुल्यांचा प्रश्न त्याहून खोल होता: जातीजातींत फुटलेल्या लोकांना राष्ट्र म्हणायचे तरी कसे? ग्रीकांनाही तो प्रश्न होता, फक्त त्यांच्याकडे तो धर्माच्या रूपाने आला.

इथे आपण अडचणीच्या जागी पोचतो. रिगासच्या १७९७ च्या मसुद्यात ग्रीक, बल्गेरियन, अल्बेनियन, व्लाख, आर्मेनियन आणि तुर्कसुद्धा एका प्रजासत्ताकाचे समान नागरिक होते. १८२२ मध्ये क्रांतिकारकांनी एपिदाव्रोसला केलेल्या पहिल्या घटनेत व्याख्या अशी आली की या भूमीवरचे जे रहिवासी ख्रिस्तावर श्रद्धा ठेवतात ते ग्रीक. मधे जेमतेम पंचवीस वर्षे गेली. त्या दरम्यान त्रिपोलित्सा शहर घेतल्यावर ग्रीकांनी तिथल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल केली होती. पुढे काही महिन्यांतच तुर्कांनी खिओस बेटावर ग्रीकांची केली. रक्त सांडले की व्याख्या आखडतात. पण एकदा आखडलेली व्याख्या शांततेतही सैल होत नाही. १९२२ मध्ये आशिया मायनरमध्ये ग्रीक सैन्याचा पराभव झाला आणि ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानला ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. साधारण १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले, सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कस्तानात. निकष धर्माचा. त्यामुळे फक्त तुर्की बोलणारे आनातोलियातले ख्रिस्ती ‘मायदेशी’ पाठवले गेले तो देश ग्रीस, आणि फक्त ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात जाऊन परके ठरले.

त्याच १९२३ मध्ये ‘मराठा’ या टोपणनावाने सावरकरांचा हिंदुत्वावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो रत्नागिरीच्या तुरुंगात लिहिलेला, पावसपासून वीसेक किलोमीटरवर. हिंदू ठरण्यासाठी पितृभू आणि पुण्यभू अशी दुहेरी अट त्यात आहे. त्यानंतर १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि त्या वर्षांतले त्यांचे काम आम्ही मनापासून मोठे मानतो. सहभोजने झाली, शाळांत मुले सरमिसळ बसली, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले आणि त्यात सर्व जातींच्या हिंदूंना सारखा प्रवेश मिळाला. इथल्या सोवळ्याओवळ्याची धार ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे किती अवघड होते ते सांगायला नको. एकच माणूस एका हाताने भिंत पाडत होता आणि दुसऱ्या हाताने कुंपण घालत होता. त्या अटीची कसोटी लावायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आमच्या खाड्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, आमचीच बोली बोलणारा कोकणी मुसलमान या व्याख्येत कुठे बसतो? चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीत लिहीत होते, मराठीत भांडत होते, आणि १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले ते फुल्यांचा शब्द घेऊन. क्रीटमधल्या त्या मुसलमानांसारखे त्यांना कुठे पाठवायचे होते?

परत येणाऱ्यांचे काय होते, हाही ग्रीक इतिहासातला बोचरा भाग. योआनिस कापोदिस्त्रियास हा कोर्फू बेटावरचा, रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री झालेला माणूस १८२८ मध्ये ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख म्हणून आला. शाळा काढल्या, अनाथाश्रम काढला, नाणे पाडले. स्थानिक वतनदारांना त्याची शिस्त सोसली नाही. पॅरिसहून कोराईसनेही त्याच्यावर जळजळीत टीका चालवली. ९ ऑक्टोबर १८३१ रोजी नाफ्लियोच्या चर्चच्या दाराशी एका बड्या घराण्यातल्या दोघांनी त्याला मारले. पुढे बव्हेरियातून एक पोरगेलासा राजपुत्र आणून गादीवर बसवला. आमच्या क्रांतिकारकांनी इटलीच्या मॅझिनीला गुरू केले आणि ग्रीसकडे फारसे पाहिले नाही, त्याचे एक कारण कदाचित हेच असेल. बड्या सत्तांच्या आरमाराने नावारिनोला जिंकून दिलेले आणि बाहेरून राजा मागवलेले स्वातंत्र्य कुणाला मिरवावेसे वाटेल?

१८४४ च्या घटनेच्या वेळी तर उघड भांडण झाले. सरकारी नोकऱ्या मुक्त प्रदेशात जन्मलेल्यांना, की बाहेरून आलेल्या ग्रीकांनाही? ज्यांनी बाहेर बसून राष्ट्र कल्पिले त्यांनाच आता उपरे म्हटले जात होते. त्या चर्चेत कोलेत्तिसने भाषण केले की हे राज्य म्हणजे सगळा ग्रीस नव्हे, जिथे जिथे ग्रीक राहतो तिथे ग्रीस. नोकरीच्या वादात उच्चारलेल्या त्या विचाराने पुढची ऐंशी वर्षे ग्रीक राजकारणाला वेड लावले आणि त्याचा शेवट १९२२ च्या राखेत झाला. गावकरी आणि मुंबईकर यांच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत, जिथे देवळाचा कळस मुंबई मंडळाने ठरवायचा की इथे बारमाही राहणाऱ्याने यावर पहाट होते, त्यांना अथेन्सची ती सभा डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत.

आणि म्हणूनच आठवतात ते बाहेरून गावी परतलेले रामचंद्र विष्णु गोडबोले. १५ डिसेंबर १९०३ चा पावसचा जन्म. शिकायला रत्नागिरी, मग मुंबई. गांधींच्या हाकेने सरकारी शिक्षण सोडले. इथवर ही त्या काळातल्या अनेक तरुणांची गोष्ट आहे. पण राष्ट्रकार्यासाठी त्यांनी पुण्या-मुंबईत मुक्काम ठोकला नाही. ते पावसला परतले आणि इथे स्वावलंबनाश्रम नावाची राष्ट्रीय शाळा काढली. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकले, बाबामहाराज वैद्यांकडून नाथपंथी दीक्षा घेतली, कायदेभंगात येरवड्याला गेले. तिथे आचार्य भागवत, एस. एम. जोशी यांच्यासारखी माणसे सोबतीला होती, आणि तिथेच त्यांनी ‘नवरत्नहार’ लिहिला. १९३४ च्या मोठ्या आजारानंतर राजकारण सुटले ते कायमचे. देसायांच्या ‘अनंत निवासा’त स्वामी स्वरूपानंद म्हणून चाळीस वर्षे राहिले, ज्ञानेश्वरी अभंगांत आणली, आणि १९७४ च्या १५ ऑगस्टला देह ठेवला.

भक्तांना आश्रमाची गोष्ट गौण वाटते, राजकीय इतिहासकारांना समाधीची. आम्हाला दोन्ही सलग दिसतात. राष्ट्राचा विचार मुंबईहून आणून त्यांनी तो पहिल्यांदा इथल्या चार पोरांना सूतकताई आणि स्वावलंबन शिकवण्याइतका लहान केला, आणि पुढे ती खटपटही सोडली. हा संन्यास होता की निराशा, त्यांनी राष्ट्र ओलांडले की टाळले, यावर या अंकात दोन लेख आहेत आणि ते एकमेकांशी साफ भांडतात. आमचे झुकते माप ‘टाळले’ म्हणणाऱ्याकडे आहे, हे लपवत नाही. स्थानबद्ध सावरकर रत्नागिरीत व्याख्यानांची आणि सहभोजनांची धामधूम उडवत होते त्या दिवसांत पावसमध्ये त्यावर काही बोलले जायला हवे होते. दुसऱ्या लेखकाचे म्हणणे असे की मौनाला मत समजणे ही शहरी सवय आहे. तो लेख आम्ही आधी छापला आहे. खाडीकाठच्या मोहल्ल्यांवरचा लेख पृष्ठसंख्येच्या हिशेबात न बसूनही पुरा घेतला. त्यासाठी दोन कथा आणि एक पाककृतींचे पान पुढच्या वर्षावर गेले, त्यांच्या लेखिकांनी राग मानू नये.