राखेवर उमटलेली पावले



भाताची झोडणी उरकली, खळी मोकळी झाली, की मावळात जरा उसंत मिळते. अशाच दिवसांत, गेल्या मार्गशीर्षात, भोर तालुक्यातल्या एका गावी हरभरा पाहायला गेलो होतो. काम आटोपून एका शेतकऱ्याच्या ओट्यावर चहाला बसलो, तर मालक घुश्शात होते. देवराईला लागून असलेल्या तुकड्यात त्यांनी रताळी लावली होती आणि साळिंदराने एका रात्रीत दोन वाफे उकरून ठेवले होते.

"साहेब, राईत त्याचं बीळ हाय. उद्या तोंडाशी मिरचीची धुरी देतो आन् वरचं झाडोरं जाळून काढतो. त्या राईत आता दुसरं हाय तरी काय?"

आतून त्यांच्या आई म्हणाल्या, "काय नाय कसं? आमच्या येळंला शेकरू पार वळचणीच्या फणसावर यायचं."

तिसरीतल्या नातवाने विचारले, "आजी, शेकरू म्हंजे काय?" सहावीतल्या बहिणीने त्याला उत्तर दिले, "अरे, ते पुस्तकात असतं."

मंडळी, शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य जाहीर झाले, त्यात या खारीचा मोठा वाटा. आणि राईपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या पोरांना ती पुस्तकातली वाटावी! मी मालकांना म्हटले, "धुरी एक दिवस लांबवा. आज रात्री राईत कोण राहते ते आपण बघू. मग तुम्हाला पटेल ते करा."

उपाय अगदी घरगुती आहे. चुलीतली थंड राख पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून घ्यायची. राईतल्या पायवाटेवर, ओढ्याच्या उताराला, बिळापासून चार पावलांवर, हातभर लांबरुंद जागेचा पाला बाजूला सारायचा आणि तिथे राखेचा पातळ थर पसरायचा. रांगोळी घालणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. सूनबाईंनी असे पाच चौकोन इतके झकास घातले की माझ्याच्याने एवढा सपाट थर कधी जमला नसता. पुजाऱ्याला आधी विचारले होते, आणि वहाणा रिवाजाप्रमाणे शिवेवरच काढल्या होत्या.

परतताना, दिवेलागणीला, देवळाच्या जोत्याशी धाकट्याने माझा सदरा ओढला. एक चिचुंद्री दगडाच्या कडेने चालली होती. तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिलाने तोंड धरलेले, त्याच्या मागे दुसऱ्याने, त्याच्या मागे तिसऱ्याने. आगगाडीच जणू! पाहता पाहता ती फटीत शिरली. आपण चिचुंद्रीला उंदीर समजून खराट्याने मारतो. ती उंदराच्या कुळातली नव्हे. तिचे मुख्य खाणे किडे, झुरळे, रातकिडे. वास मारते एवढाच तिचा अपराध.

सकाळी उजाडताना सगळे घर राईत. आजीही काठी टेकीत आल्या. पहिल्या चौकोनावर सशाची उडी होती. ससा उडी मारतो तेव्हा मागचे लांब पाय पुढे पडतात आणि पुढचे आखूड पाय मागे राहतात, म्हणून ठसा उलटा वाटतो. दुसऱ्यावर पाच बोटांची पावले, आणि शेजारच्या खडकावर भेरली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा. हे उदमांजर. रात्री फळे खाते, उंदीरही खाते, आणि बिया रानभर पेरत जाते. बोटे चार आणि नखे उमटलेली नाहीत, तर मांजराची जात. चार बोटे नखांसकट असली, तर कुत्रा किंवा कोल्हा. एवढे ध्यानात ठेवले तरी पोरे निम्मी राई वाचू शकतील.

बिळाजवळच्या चौकोनाशी मात्र मालक स्वतःच उकिडवे बसले. साळिंदराचा मागचा पाय लहान मूल अनवाणी चालून गेल्यासारखा उमटतो, आणि बाजूला काटे घासल्याच्या बारीक रेघा असतात. तसा ठसा होताच. पण त्याच्या मागोमाग तोच ठसा लहान आकाराचा होता.

"पोरगं हाय संगं," मालक म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका गावी उंदीर मारण्याची मोहीम घेतली. झिंक फॉस्फाइडचे आमिष कसे कालवायचे ते नीट शिकवले, पण ते कुठे ठेवू नये हे सांगायला विसरलो. उरलेले आमिष कोणीतरी राईच्या कडेला उघड्यावर टाकले. दोन दिवसांनी तिथे दोन लांडोरी आणि एक ससा मरून पडलेले मी पाहिले. गावाने मला बोल लावला नाही, पण तो माझाच होता. तेव्हापासून मी प्रत्येक सभेत सांगतो, आजही सांगतो: संध्याकाळी शेतातली सारी बिळे चिखलाने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. आमिष त्यांच्या आत खोल घाला आणि तोंड दाबून बंद करा. मेलेले उंदीर गोळा करून पुरा. राईच्या कडेला विष नकोच. तिथे मुंगूस, घुबड, धामण आणि उदमांजर हे काम बिनपगारी करीत असतात.

साळिंदराचे काय? ते पुन्हा येणार, हे मी मालकांना स्पष्ट सांगितले. कंद त्याला आवडतात. रताळी, सुरण राईपासून दूरच्या तुकड्यात लावावे आणि कडेच्या तुकड्यात हरभरा, वाल घ्यावा. जागा बदलणे शक्य नसेल तर तारेची जाळी फूटभर जमिनीत पुरून वर कमरेएवढी उभारावी. खर्च आहे, पण सर्व शेताला नको, कंदाच्या वाफ्यांपुरती पुरे. ते काटे फेकून मारते ही केवळ समजूत. पाठ वळवून अंगावर येते तेव्हा काटे टोचतात, म्हणून कुत्र्याला सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

परत फिरताना एक वारूळ पोटातून फोडलेले दिसले. मला शंका खवले मांजराची आली. ते मुंग्या आणि वाळवी खाते, म्हणजे आपलेच काम करते, आणि मादीला बहुधा वर्षाला एकच पिलू होते. त्याच्या खवल्यांपायी चोरटी शिकार चालते. वास्तविक ते खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, औषध कसले! २०१६ साली जगातल्या देशांनी मिळून त्यांच्या व्यापारावर बंदी घातली. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकणातल्या गावकऱ्यांना घेऊन या प्राण्यासाठी काम करते आहे. तुमच्याकडे असा माग दिसला तर वनरक्षकाला कळवा. बाजारात, एस.टी.त, परक्या माणसापाशी बोलू नका. पोरांनाही हे बजावा.

तुम्ही घरच्यांना घेऊन जाल तर चार गोष्टी पाळा. बिळात हात किंवा काठी घालू नका. पिलू एकटे दिसले तरी उचलू नका, आई बहुधा जवळच असते. उसाच्या तोडणीत रानमांजराची किंवा वाघाटीची पिले सापडतात, तिथेही हेच: तेवढी सरी सोडून मजुरांना लांब घ्या आणि वनखात्याला निरोप द्या. मेलेल्या जनावराला हात लावू नका. घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवा, कपडे झटका. झुडपात फिरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा. मुंगूस किंवा मांजर चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यानंतर कित्येक राया देवळाच्या नव्या बांधकामापायी आक्रसल्या. या गावची अजून दाट आहे.

शेकरू त्या दिवशी दिसले नाही. पण आंब्याच्या शेंड्याला काटक्या-पानांचे मोठे गोल घरटे आजींनीच आधी दाखवले. नातवाला मान दुखेपर्यंत ते बघायचे होते.

पंधरा दिवसांनी त्या मालकांचा फोन आला. धुरी दिली नव्हती. रताळ्याचे उरलेले वाफे काढून विकले होते, आणि थोरलीने पाटीवरच्या वहीत नऊ ठसे काढले होते. त्यातला एक कुणाचा ते तिला लागत नव्हते. मलाही फोनवर लागला नाही. येत्या रविवारी जाऊन बघतो.